हिरडीतला धूर

वैजाक्कांच्या तोंडात अठ्ठावन्नाव्या वर्षी सगळे दात शाबूत होते आणि त्याचा त्यांना थोडा गर्वच होता. ऊस त्या अजून दातांनी सोलून खायच्या. गावात कुणाची दाढ ठणकली की त्या तोंडभर हसून आपली बत्तिशी दाखवायच्या. त्यामुळे एकतीस वर्षांच्या सुनेचे खालचे पुढचे दात हलू लागले, तेव्हा त्यांना काळजी वाटली हे खरं, पण काळजीच्या आधी जराशी गंमत वाटली. आजकालच्या पोरींचं सगळंच लेचंपेचं, असं त्या मनात म्हणाल्या. पुढे या गमतीबद्दल त्यांनी स्वतःला कधी माफ केलं नाही.

सून म्हणजे ऋतुजा. निंबळगावच्या बालवाडीत शिकवायची. ब्रशला रक्त लागतंय हे तिला वर्षभर दिसत होतं, पण घासताना जोर जास्त लागला असेल म्हणून तिने ते मनावर घेतलं नाही. मग एक दिवस भाकरीचा पापुद्रा चावताना दात जागचा हलला आणि तिला आई आठवली. तिच्या आईला चाळिशीतच कवळी लागली होती. नवरा अवधूत फवारणीच्या ड्रोनची दुरुस्ती करायचा आणि हंगाम ऐन भरात होता, म्हणून तालुक्याच्या दंतकेंद्रात तिच्याबरोबर वैजाक्का गेल्या.

केंद्रात नवीन यंत्र आलं होतं. त्याला थरवाचक म्हणत. दातावर जे पिवळट कीटण बसतं, तो खरं तर जंतूंचा थर. लाळेतल्या चुन्याने तो हळूहळू दगडासारखा घट्ट होतो. एका थरावर दुसरा चढतो आणि त्या त्या वेळी तोंडात जे काही होतं ते त्यात अडकून पडतं. हजारो वर्षांपूर्वी पुरलेल्या माणसांच्या कीटणावरून ती काय खात होती, कसल्या धुरात राहत होती, हे संशोधक पूर्वीपासून सांगत आले होते. आता एवढंच झालं होतं की जिवंत माणसाच्या हिरडीखालचं कीटण न खरवडता, केसाएवढ्या प्रकाशाच्या सुईने, थरामागून थर वाचता येत होतं. सहा-सात वर्षांमागचा आठवडासुद्धा सापडायचा.

त्याचा उपयोग काय, तर कारण शोधणं. हिरडी जंतूंमुळे सुजते, पण ते जंतू सगळ्यांच्याच तोंडात असतात. मग कुणाची हिरडी तिशीतच दाताचा हात सोडते आणि कुणाची म्हातारपणापर्यंत धरून ठेवते, असं का? तर बाकीच्या गोष्टींमुळे. तंबाखू, रक्तातली साखर, सततचा ताण, आईबापांकडून आलेली नाजूक हिरडी, दातांची निगा. एकेकटी गोष्ट कदाचित शरीर सोसतं. दोन-तीन एकत्र आल्या की हिरडीखालचं हाड झिजू लागतं, आणि झिजलेलं हाड आपणहून परत येत नाही.

डॉक्टर नाईकवडींनी पडद्यावर लांबलचक पट्टा दाखवला. डावीकडे जुनं, उजवीकडे नवं. साखर ठीक होती. निगा चांगली होती. आईकडून आलेला नाजूकपणा होता. शिवाय सहा वर्षांपूर्वीपासून पट्ट्यावर बारीक काळ्या रेघा सुरू झाल्या होत्या, अगदी ठरावीक अंतराने, आठवड्याला एक. प्रत्येक काळ्या रेघेला खेटून एक लाल रेघ होती.

"काळी म्हणजे जळलेला तंबाखू," डॉक्टर म्हणाल्या. "लाल म्हणजे लाळेत उतरलेला ताण. ज्या दिवशी धूर, त्याच दिवशी ताण. घरात बिडी-सिगारेट कोण ओढतं?"

 वैजाक्कांनी तोंड उघडायच्या आत ऋतुजा म्हणाली, "कुणी नाही. मी मिश्री लावते."

डॉक्टरांनी एकदा पट्ट्याकडे आणि एकदा तिच्याकडे पाहिलं. मिश्री लावणाऱ्याच्या दातांवर तंबाखूच्या पानाची पूड सापडायला हवी, इथे नुसताच धूर दिसतोय, असं काहीसं त्या बोलल्या. ऋतुजा म्हणाली, कधीतरीच लावते, आठवड्यातून एकदा. बाहेर पंचवीस-तीस माणसं ताटकळत होती. व्यसन लपवणारी माणसं डॉक्टरांनी हजारो पाहिली होती. नसलेलं व्यसन अंगावर घेणारं माणूस ओळखायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी कारणाच्या रकान्यात 'स्वतःचा तंबाखूवापर' लिहिलं आणि उपचार समजावून सांगितला.

उपचाराला सगळे पेरणी म्हणायचे. रोग्याच्याच हिरडीतल्या पेशी वाढवून त्यांचा लेप दाताच्या मुळाशी भरायचा, म्हणजे हाड आणि दाताला धरून ठेवणारे धागे पुन्हा उगवतात. पण तंबाखूचा अंश लागला की या कोवळ्या पेशी मरतात. म्हणून आधी तीन महिने लाळेची पट्टी तपासायची. पट्टी कोरी आली की पेरणी. तिसऱ्या महिन्यापर्यंत कोरी आली नाही तर नाव यादीतून खाली, आणि परत नंबर लागेपर्यंत पेरायला हाडच उरणार नाही. ऋतुजाचे पाच दात पणाला लागले होते.

आता वैजाक्कांबद्दल सांगायला हवं.

निंबळगावात त्यांना अक्का म्हणत नसेल असं माणूस नव्हतं. बारा वर्षांपूर्वी गावातलं दारूचं दुकान बंद करायला बायकांचं मतदान झालं, तेव्हा घरोघर फिरून आडवी बाटली निवडून आणली ती वैजाक्कांनी. नवऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या, एकदा दगडही खाल्ला. त्या दिवसापासून गावच्या आरोग्य समितीच्या अध्यक्षा त्याच. दर ग्रामसभेत त्यांचं एक वाक्य ठरलेलं असायचं: माझ्या घरात चहाशिवाय दुसरं व्यसन न्हाई. लोक टाळ्या वाजवायचे.

आणि या वैजाक्का बाराव्या वर्षापासून मिश्री लावत होत्या. दाढ दुखते म्हणून आईने पहिल्यांदा बोटावर घेऊन लावली. दाढ राहिली आणि मिश्रीही राहिली. तंबाखू तव्यावर काळा होईपर्यंत भाजायचा, चुरायचा, आणि ती पूड पहाटे हिरड्यांवर घासायची, की डोकं कसं जागेवर येतं. त्या भागातल्या कितीतरी बायका हे उघड करतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. पण आडवी बाटली निवडून आणणाऱ्या बाईला ते उघड करता येईना. त्या शेजारच्या तालुक्याच्या बाजारातून तंबाखू आणायच्या आणि पीठ चाळायच्या चाळणीखाली डबी ठेवायच्या. लावून झाली की मिठाने दात घासून काळेपणा घालवायच्या. पोटच्या पोरालाही पत्ता नव्हता.

सुनेला कळलं ते लग्नानंतर तिसऱ्याच महिन्यात. वैजाक्कांचा हात मोडला होता आणि भाजायला कुणीतरी हवं होतं. ऋतुजाने काही विचारलं नाही, तवा ठेवला. हात बरा झाला, पण काम तिच्याकडेच राहिलं. दर बुधवारी, अवधूत सुटे भाग आणायला शहरात गेला की. वास गल्लीत जाऊ नये म्हणून स्वयंपाकघराची खिडकी लावायची आणि दाराच्या फटीला गोणपाट. वैजाक्का तेवढा वेळ बाहेर कट्ट्यावर बसून पहारा करायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना तिथंच गप्पांत गुंतवायच्या. म्हणजे मिश्री लावणारी मोकळ्या हवेत, आणि जिने कधी बोट लावलं नाही ती बंद खोलीत खोकत. सहा वर्षं हे असं चाललं आणि दोघींपैकी एकीलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. निदान वैजाक्कांना तरी तसंच वाटत होतं.

परतीच्या गाडीत दोघी शेजारी बसल्या. निंबळगावचा रस्ता लागल्यावर वैजाक्कांनी हळूच विचारलं, "तसं का बोललीस गं?"

"मग काय बोलू, आत्या?" ऋतुजा म्हणाली. सासूला आत्या म्हणायची तिकडे रीतच आहे. ती सासूच्या तोंडाकडे पाहत राहिली आणि मग खिडकीबाहेर पाहू लागली. वैजाक्कांना वाटलं, पोरीने आपली अब्रू राखली. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि विषय संपला असं धरून चालल्या.

अवधूतला कळलं तेव्हा त्याने घर डोक्यावर घेतलं. आईने अख्ख्या गावाची दारू सोडवली आणि माझीच बायको मिश्री लावते, लोक तोंडात शेण घालतील, असं बरंच काही बोलला. ऋतुजा खाली मान घालून ऐकत होती. आणि वैजाक्का म्हणाल्या, "जाऊ दे रे. चुकतं माणूस." आपण किती मोठ्या मनाने बोललो असं त्यांना त्या क्षणी वाटलंही. माणूस स्वतःला किती फसवू शकतं, त्याला खरंच धरबंध नसतो.

अर्थात त्या अगदीच हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. सुनेला तव्याजवळ जायची बंदी झाली. ऋतुजा बालवाडीत गेली की वैजाक्का स्वतः भाजू लागल्या, खिडकी लावून. सुनेच्या नाकाला वास लागत नाही म्हणजे झालं, असा त्यांचा हिशोब. पण धुराचं तसं नसतं. तो पडद्याला, गोधडीला, पिठाच्या डब्याला चिकटून बसतो आणि माणूस घरी आलं की हळूहळू सुटत राहतो. पहिल्या महिन्याची पट्टी जांभळी झाली. जांभळी म्हणजे तंबाखूचा अंश. अवधूतने बायकोशी बोलणं कमी केलं. सोडते म्हणतेस आणि चोरून लावतेस, एवढंच तो म्हणाला.

त्या दिवशी वैजाक्कांना सगळं लख्ख कळलं होतं. इथे त्यांच्यासाठी काही सबब नाही. त्यांना कळलं होतं आणि त्या बोलल्या नाहीत.

त्यांनी मिश्री सोडून पाहिली. चार दिवस. डोकं फुटायची वेळ आली, आणि समितीच्या बैठकीत त्या पाणीपुरवठ्यावरून एवढ्या कडाडल्या की बायका चहा न घेताच उठल्या. पाचव्या दिवशी त्यांनी न्हाणीघरात दार लावून निम्मा तंबाखू भाजला. निम्मा म्हणजे निम्माच धूर, अशी स्वतःची समजूत घातली. जन्मभर दुसऱ्यांना 'मनात आणलं की सुटतं' सांगत फिरलेल्या बाईला, मनात आणूनही सुटत नाही हे पहिल्यांदा कळलं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून त्यांनी आणखी एक चिमूट घेतली.

दुसऱ्या महिन्याची पट्टी थोडी फिकी आली, पण जांभळीच. त्यानंतर आठ दिवसांनी, दुपारी जेवताना, ऋतुजाचा खालचा दात भाकरीच्या घासात निघून आला. तिने तो ताटाच्या कडेला ठेवला, पाणी प्यायली आणि उरलेली भाकरी आमटीत कुस्करून खाल्ली. वैजाक्का समोर होत्या. त्यांनी आपलं ताट बाजूला सारलं. न्हाणीघरातलं भाजणं मात्र थांबलं नाही.

दुसऱ्या दिवशी बालवाडीतून आल्यावर ऋतुजाने सांगितलं की बाईंचाही दात पडला म्हणून पोरं फार खूश झाली. पाच वर्षांच्या एका मुलीने तिला जवळ बोलावून स्वतःचं खिंडार दाखवलं आणि धीर दिला, की दात कौलावर टाका, उंदीरमामा नवा देतो, थोडे दिवस लागतात. ऋतुजा हे हसत हसत सांगत होती. हसताना तिने तोंडावर हात धरला होता. ती पूर्वी असा हात धरायची नाही.

तिसऱ्या महिन्याला अवधूत आलाच नाही. जिला स्वतःलाच बरं व्हायचं नाही तिच्यासाठी काम का बुडवू, असं म्हणून तो निघून गेला. दोघी गेल्या. त्या दिवशी निंबळगावच्या आणखी चार बायका केंद्रात होत्या. त्यांनी अक्कांना जागा करून दिली. सूनबाईच्या मिश्रीची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती हे त्यांच्या नजरेवरून दिसत होतं. अक्कांची मात्र त्यांना कीव येत होती. एवढी मोठी बाई, आणि घरात हे.

पट्टी जांभळी आली. डॉक्टर नाईकवडींनी सुस्कारा सोडला. रागावल्या नाहीत, माझ्या हातात आता काही नाही, म्हणाल्या. नाव कमी केल्याचा कागद पडद्यावर आला. कारण: रुग्णाने तंबाखू सोडला नाही. खाली रुग्णाने सही करायची होती. दार उघडंच होतं आणि बाहेरच्या बायकांना आतलं सगळं ऐकू जात होतं.

ऋतुजाने लेखणी हातात घेतली.  सही करणारच होती.

वैजाक्कांनी तिचं मनगट धरलं. "थांब," त्या म्हणाल्या, आणि मग डॉक्टरांकडे वळून, दगड खाल्ला होता त्या दिवशीच्या आवाजात, बाहेर जाईल अशा बेताने बोलल्या. "मिश्री माझी हाय. हिनं जल्मात बोट लावलं न्हाई. सहा वर्सं दर बुधवारी माझ्यासाठी भाजत आली, खिडकी लावून. खिडकी लावायला मीच सांगितलं, माझं बिंग फुटू नये म्हणून. त्या कारणात माझं नाव लिवा."

बाहेरच्या चौघी दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

डॉक्टरांनी पहिल्या दिवशीचा पट्टा पुन्हा उघडला. पानाची पूड नाही, नुसता धूर. आठवड्याला एक, बुधवार. त्यांनी रेघा मोजून पाहिल्या. मग म्हणाल्या की चूक माझीही आहे, यंत्र खरं सांगत होतं आणि मी माणसाचं ऐकलं. नाव लिहायची सोय नव्हती, पण 'घरातला धूर' असं कारण बदलता येत होतं. तसं केलं तर आणखी तीन महिने मिळणार होते. त्यासाठी तंबाखू वापरणाऱ्याचा जबाब गावच्या आरोग्य समितीपुढे वाचावा लागतो आणि समितीने ते घर तपासावं लागतं, असा नियम होता.

"समितीच्या अध्यक्ष कोण आहेत?" डॉक्टरांनी विचारलं.

"मीच," वैजाक्का म्हणाल्या.

कुणी हसलं नाही. डॉक्टरांनी एवढंच सांगितलं की उरलेल्या चारांपैकी एक दात फार सैल आहे, तो वाचेलच असं मी म्हणत नाही. बाकीच्यांना आशा आहे. आणि तुमच्यासाठी तंबाखू सोडवायची औषधं आहेत, ती तुम्ही बारा वर्षं दुसऱ्यांना मिळवून देत होतात, एकदा स्वतःही घ्या.

जबाब वैजाक्कांनी स्वतःच वाचला, शनिवारी सकाळी, ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये. त्यांनी त्यात काही पदरचं घातलं नाही आणि काही गाळलंही नाही. पहिल्या महिन्यात मला कळलं होतं, हेही वाचलं.  माफी मागितल्यावर लोक काहीतरी बोलतात, शिव्या देतात किंवा समजूत काढतात, अशी त्यांची कल्पना होती. तसं झालं नाही. दारूचं दुकान बंद झालं तेव्हा जो त्यांच्याशी सगळ्यांत जास्त भांडला होता, तो माणूस उठून बाहेर गेला. एका म्हातारीने तेवढं विचारलं, औषधानं खरंच सुटतं का गं, मला बी सांग. अवधूत मागे भिंतीला टेकून उभा होता. तो आईकडे बघत नव्हता. बायकोकडे बघत होता, आणि ती त्याच्याकडे बघत नव्हती.

अध्यक्षपद त्यांनी तिथंच सोडलं. घरी परतताना त्यांना दमल्यासारखं झालं होतं, पण हलकंही वाटत होतं. आता पोरगी काहीतरी मायेचं बोलेल, असं त्यांना वाटलं. आपण एवढं केलं.

ऋतुजा ओट्याशी पीठ मळत होती. वैजाक्का पाटावर बसल्या. ऋतुजाने मळणं थांबवलं, हात तसेच पिठाचे, आणि त्यांच्याकडे वळली.

"मला वाटलं होतं आत्या, पहिल्या दिवशी गाडीतच बोलाल," ती म्हणाली. "मग वाटलं, पहिली पट्टी आल्यावर बोलाल. मग वाटलं, दात पडला आता बोलाल. मी रोज वाट बघत होते."

तिचा आवाज चढला नव्हता, पण थांबतही नव्हता. दर बुधवारी सकाळपासून पोटात गोळा यायचा, ती सांगू लागली. धुराचा नव्हे, कुणीतरी येईल याचा. कट्ट्यावरून तुमचं हसणं ऐकू यायचं. मला एकदा तरी म्हणायला हवं होतं तुम्ही, की बाहेर ये, आज राहू दे.

अवधूत दारात आला आणि काहीतरी बोलायला गेला. तिने मान न वळवता त्याला सांगितलं, "तुमचं नंतर."

वैजाक्कांनी आयुष्यात भरपूर भाषणं केली होती. कुठल्या बोलण्याला काय उत्तर द्यायचं हे त्यांना नेहमी सुचायचं. आज काही सुचलं नाही, आणि सुचलं नाही तेच बरं झालं. त्या उठल्या नाहीत, डोळ्यांना पदर लावला नाही, चुकलं गं म्हणून तिला मध्येच अडवलं नाही. ती बोलत राहिली तोवर समोर बसून ऐकत राहिल्या. सहा वर्षांचं होतं. संपायला बराच वेळ लागला.